एवढासा लक्झेंबर्ग आणि माणशी एवढा कोळसा?

भूगोलाच्या बाई:

नमस्कार मंडळी. मी सोलापुरात अकरावीला भूगोल शिकवते. यंदा वर्गाला ऊर्जेवरचा प्रकल्प दिलाय. एक देश निवडायचा आणि तिथं दरडोई कोळसा किती लागत गेला ते साल-दर-साल मांडायचं. एका पठ्ठ्यानं लक्झेंबर्ग उचलला. का, तर "मॅडम, नकाशात सगळ्यात बारीक दिसला, म्हणजे कामही बारीक असेल."

काम बारीक निघालं नाही. १९६५ पासूनचा आलेख त्यानं उतरवून आणला. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला रेघ पार वर, शेजारच्या देशांच्या डोक्यावरून. मग घसरण, मध्ये थोडी थबकते, आणि नव्वदच्या दशकात कड्यावरून ढकलून दिल्यासारखी खाली. २००० नंतर जवळजवळ जमिनीला चिकटलेली. पोरगं विचारतं, "मॅडम, तिथली माणसं कोळसा खायची का? आणि मग एकदम उपास का धरला?"

वर्गात हशा झाला, पण मला उत्तर देता आलं नाही. देश २,५८६ चौरस किलोमीटरचा. आपल्या सोलापूर जिल्ह्यात पाच वेळा मावून वर जागा उरेल. लोकसंख्या आजही सात लाखांच्या आत, म्हणजे सोलापूर शहरापेक्षा कमी. दगडी कोळशाची खाण एकही नाही. आपल्याकडे आता वर्षाला शंभर कोटी टनांवर कोळसा निघतो, आयात वेगळी, तरी माणशी एक टनसुद्धा पडत नाही. मग यांना एवढा कशाला लागत होता?

अजून एक. आलेखाचा उभा अक्ष टनात नाही, किलोवॉट-तासात आहे. कोळसा युनिटमध्ये कसा मोजतात? मुलांना समजेल असं कुणी सांगेल का?

कडक_भाकरी:

सोपं आहे मॅडम. थंड देश, घराघरात शेगड्या. पुढं पैसा आला, गॅस आला, कोळसा गेला. लिहून टाका, मार्क मिळतील.

भूगोलाच्या बाई:

मलाही आधी तेच वाटलं होतं. पण बेल्जियम आणि जर्मनी तिथून हाकेच्या अंतरावर. थंडी तीच, शेगड्या त्याच. त्यांच्या रेघा इतक्या वर नाहीत. थंडी काय सीमा बघून पडते का?

आगवाला:

बाई, तुमच्या पोराला माझ्याकडून एक पेन बक्षीस द्या. "कोळसा खायची का" हा प्रश्न लै बरोबर आहे. खायचा तो माणूस नव्हे, भट्टी. पण आलेख काढणारा ताट माणसापुढं मांडतो.

आधी माझा हिशेब सांगतो, मग तिकडं जातो. मी १९७६ ला सोलापुरातल्या एका गिरणीत बदली कामगार म्हणून लागलो, बॉयलरवर. पुढं दुसऱ्या वर्गाचं सर्टिफिकेट काढलं. आमचे लँकेशायर बॉयलर, लांबलचक लोखंडी पिंप, पोटात दोन बोगदे, प्रत्येक बोगद्याच्या तोंडाशी जाळी आणि जाळीवर आग. एका बॉयलरला एका पाळीत चार टनांच्या आसपास कोळसा. एका फावड्यात सहा-साडेसहा किलो, म्हणजे पाळीला सहाशे फावडी. नुसतं ओतून भागत नाही. मागं पातळ, पुढं जाड असा पसरावा लागतो. एका बाजूला ढीग झाला की दुसरीकडं जाळी उघडी पडते, तिथनं गार वारा घुसतो आणि दाब उतरतो. दाब उतरला की वरनं माणूस येतो शिव्या द्यायला, कारण तिकडं रंगखात्यात वाफ कमी पडलेली असते. कोळसा यायचा तेलंगणातल्या सिंगरेणीच्या खाणींचा. शंभर किलोला तीस-पस्तीस किलो राख. राख वितळून जाळीला चिकटली की खंगर होतो, काळा-निळा काचेसारखा. तो सळईनं फोडून ओढून काढायचा. खंगर ओढताना दार उघडं असतं आणि तोंड भाजतं. माझ्या डाव्या भुवईला आजही केस कमी आहेत.

आता गणित. पाळीला चार टन, वर्षाला तीनशे पाळ्या. माझ्या एकट्याच्या फावड्यातनं वर्षाला बाराशे टन कोळसा जायचा.

आणि घरी? चाळीत आम्ही सात माणसं. आईची शेगडी आणि पाण्याचा बंब. महिन्याला एक पोतं, चाळीसेक किलो. त्यातही विकतचा थोडाच. बाकी चुरी. आई चुरीत शेण आणि माती कालवून गोळे वळायची आणि गच्चीवर वाळत घालायची. रेल्वेच्या इंजिनांची राख टाकायचे तिथं बहिणी पाटी घेऊन जायच्या, अर्धवट जळालेले कोळसे वेचायला. वर्षाला पाचशे किलोच्या आत सगळं. सात माणसांत वाटा, माणशी सत्तर किलोसुद्धा नाही.

तर माझा दरडोई कोळसा किती लिहायचा? सत्तर किलो की बाराशे टन? फावडं माझ्या हातात होतं, पण त्या वाफेवर रंगलेला कपडा मुंबईला गेला, तिथनं कुठं कुठं गेला. मी तर लग्नातला एक शर्ट सोडला तर आमच्या गिरणीचा कपडा अंगावर घातला नाही. परवडत नव्हता.

लक्झेंबर्गचं असंच आहे, फक्त भट्टी लै मोठी आणि गाव लै बारकं.

त्या देशाच्या दक्षिणेला लोखंडाचा दगड आहे. मिनेट म्हणतात त्याला. हलका माल, शंभराला जेमतेम तीस लोखंड, आणि त्यात फॉस्फरस. फॉस्फरस राहिला की लोखंड थंडीत ठिसूळ होतं, म्हणून आधी त्याला कुणी विचारत नव्हतं. १८७९ साली इंग्लंडात थॉमस-गिलख्रिस्टची पद्धत यशस्वी झाली. भट्टीला आतनं चुन्याच्या जातीचं अस्तर द्यायचं, ते फॉस्फरस ओढून घेतं. तिथनं लक्झेंबर्गचं नशीब फिरलं. जी मळी निघायची तीही फुकट जात नव्हती. दळून शेतात खत म्हणून टाकायचे, फॉस्फरसचं खत. आपल्याकडं कारखान्याची मळी उसाला टाकतात तसंच.

१९११ ला तिथं आर्बेड नावाची मोठी कंपनी उभी राहिली. दगड घरचा, पण कोळसा नाही. कोक, म्हणजे हवा लागू न देता भाजलेला कोळसा, बाहेरनं यायचा, मुख्यतः जर्मनीतल्या रूर भागातनं, रेल्वेनं. आणि झोतभट्टीत, म्हणजे दगडातनं लोखंड काढायच्या उंच भट्टीत, कोक नुसता उष्णतेला लागत नाही, इथं पोरांचा घोळ होतो. माझा मेव्हणा भिलाईच्या पोलाद कारखान्यात होता, त्याच्याकडं १९८४ ला गेलो तेव्हा त्यानं समजावलं. दगडात लोखंडाला ऑक्सिजन चिकटलेला असतो. कोकमधला कार्बन तो सोडवून घेऊन जातो. म्हणजे कोक हे सरपणही आणि औषधही. शिवाय वरनं दगड-कोक-चुनखडीचे थर रचत आणतात, तो सगळा डोलारा कोकनं उचलून धरायचा असतो, कारण बाकी सगळं वितळतं आणि तो तेवढा कडक राहतो. म्हणून साधा कोळसा चालत नाही. मी इतकी वर्षं आगीजवळ काढली, पण भिलाईला भट्टीचं तोंड फोडून लोखंड सोडलं ते बघताना चार पावलं मागं सरकलो. आमची आग पिवळी असायची. ती पांढरी होती.

आता तुमच्या आलेखाचं टोक. १९७४ ला लक्झेंबर्गनं साठ लाख टनांच्या वर पोलाद केलं. सगळं झोतभट्टीचं लोखंड नसतं, थोडं भंगारही पडतं, म्हणून लोखंड पन्नास लाख टन धरू. टनाला अर्धा टन कोक. हा हिशेब भारी दगडाचा आणि चांगल्या भट्टीचा आहे. तीस टक्क्यांच्या दगडाला याहून जास्तच लागतो, कारण एक टन लोखंडासाठी तीन टनांवर दगड तापवावा लागतो. तरी कमीत कमी पंचवीस लाख टन कोक. माणसं तेव्हा साडेतीन लाख. भागा.

माणशी सात टन. तान्ह्या पोरासकट. चौघांच्या घराच्या नावावर अठ्ठावीस टन, दोन-तीन ट्रक. घरात शेगडी असो वा नसो.

युनिटचं सांगतो. चांगल्या प्रतीचा कोळसा, किलोला ७,००० किलोकॅलरीचा, प्रमाण म्हणून धरतात. असा एक टन जाळला की जेवढी उष्णता निघते ती ८,१४१ युनिटांएवढी. वेगवेगळ्या देशांचा कोळसा वेगवेगळ्या गुणाचा, टनाला टन लावलं तर फसगत होते, म्हणून उष्णतेत मोजतात. आमच्या राखेच्या कोळशाचा टन आणि रूरच्या कोकचा टन एका तागडीत कसा घालणार? पण पोरांना बजावा, ही वीज नव्हे, उष्णता. एवढ्या उष्णतेतनं वीज काढायला गेलात तर जेमतेम तिसरा हिस्सा हाती लागतो. सात टन म्हणजे छप्पन-सत्तावन्न हजार युनिटं माणशी.

उपास का धरला? तीन कारणं, पण जीव तिसऱ्यात आहे. १९७५ ला जगभर पोलादाला मंदी आली, एका वर्षात तिथलं उत्पादन चौथ्या हिश्श्याहून जास्त पडलं. तुमची पहिली घसरण ती. मग घरचा हलका दगड सोडून बाहेरचा भारी दगड आणायला लागले, १९८१ ला शेवटची लोखंडाची खाण बंद झाली. भारी दगडाला कोक कमी. आणि १९९३ ते १९९७ च्या दरम्यान त्यांनी झोतभट्ट्याच काढून टाकल्या, जागी विजेच्या भट्ट्या. त्यात दगड नाही, भंगार टाकायचं आणि जाड कांड्यांतनं विजेची ठिणगी सोडून वितळवायचं. ऑक्सिजन आधीच काढलेला असतो, म्हणून कोकचं कामच संपलं. तुमचा कडा तो.

आता मला कुणी म्हणेल, वीज तरी कुठनं आली? बरोबर. लक्झेंबर्ग बरीचशी वीज बाहेरनं घेतं, जास्त करून जर्मनीतनं, आणि जर्मनीत कोळसा जळत होताच. म्हणजे थोडी राख शेजाऱ्याच्या अंगणात गेली. पण सगळीच चलाखी नाही हं. भंगार वितळवायला टनाला पाचशे युनिटांच्या आसपास लागतात. आपल्याकडच्या हलक्या कोळशानं ती केली तरी सव्वातीनशे किलो कोळसा. इकडं अर्धा टन कोक, आणि तो अर्धा टन कोक करायलाच सातशे किलो चांगला कोळसा भाजावा लागतो. बचत खरी आहे, आलेख दाखवतो तेवढी नाही.

मिनेटवासी:

काका, मी लॉग इन फक्त तुम्हाला उत्तर द्यायला केलं. मी मूळची सोलापूरची, अशोक चौकाकडची. आजोबांचे चादरीचे माग होते. गेली काही वर्षं लक्झेंबर्गच्या दक्षिणेला एश गावात राहते, म्हणजे तुमच्या मिनेटवरच. इथं खरंच माती तांबडी आहे, पाऊस पडला की बुटाला लागते.

बेलव्हाल, म्हणजे जुन्या पोलाद कारखान्याची जागा, माझ्या घरापासून जवळच. तिथं दोन झोतभट्ट्या अजून उभ्या आहेत, ए आणि बी. बी १९९७ ला विझली, ती देशातली शेवटची. आता त्यांच्या पायाशी विद्यापीठ आहे. पोरं कॉफीचे कप घेऊन भट्टीखाली बसलेली असतात, रात्री वर दिवे सोडतात. गंजू नये म्हणून केवढी रंगरंगोटी चालते. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला आपल्या गिरण्यांच्या चिमण्या आठवल्या आणि उगाच राग आला.

पण तिसरी भट्टी, सी, कुठं गेली माहीत आहे? चीनला! कुनमिंगच्या पोलाद कारखान्यानं विकत घेतली. चिनी कामगार इथं आले, भट्टी सुटी केली आणि जहाजावर चढवली. तर बाई, तुमच्या विद्यार्थ्याला सांगा, लक्झेंबर्गच्या रेघेचा एक तुकडा अक्षरशः पेट्यांत भरून चीनच्या रेघेला जोडला गेला.

दुसरी गोष्ट छेदाची, म्हणजे 'माणशी' काढताना ज्या डोक्यांनी भागतो त्यांची. माझ्या ऑफिसात निम्मी माणसं फ्रान्स, बेल्जियम किंवा जर्मनीत राहतात. सकाळी येतात, संध्याकाळी जातात. रोज अशी दोन लाखांवर माणसं. काम इथं करतात, पण देशाच्या डोकेमोजणीत नाहीत. त्यामुळे इथला 'माणशी' आकडा कुठलाही घ्या, फुगलेलाच निघतो. कोळसा गेल्यावर ही गंमत पेट्रोल-डिझेलवर आली. इथं कर कमी, म्हणून जाता-येता सगळे इथंच टाक्या भरतात, मोठमोठे ट्रकसुद्धा. इंधन जळतं फ्रान्सच्या रस्त्यावर आणि मांडलं जातं लक्झेंबर्गच्या खात्यात. सगळ्यांना बस-रेल्वे फुकट आहे, २०२० पासून, तरी दरडोई इंधनात हा देश वरच.

आणि काका, १९७५ च्या मंदीबद्दल एक राहिलं. शेजारच्या आजोबांकडून ऐकलं, त्यांचे वडील इटलीतून इथं भट्टीवर कामाला आलेले आणि हे स्वतः नंतर त्याच कारखान्यात. मंदी आली तेव्हा सरकार, मालक आणि युनियन एका टेबलावर बसले. माणसं काढायची नाहीत असं ठरलं. जास्तीच्या कामगारांचा कारखान्यातच एक 'संकटविरोधी विभाग' केला. त्यांचा पगार चालू, आणि काम म्हणजे सरकारी कामं, दुरुस्त्या, रानातल्या पायवाटा नीट करणं वगैरे. वय झालेल्यांना लवकर निवृत्ती. खर्चाला सरकारनं लोकांच्या करावर अधिभार लावला. आजोबा म्हणतात, "दोन वर्षं मी भट्टी सोडून झाडं छाटली." त्यांना ते फारसं आवडलं नव्हतं. भट्टीवाल्यानं झाडं काय छाटायची, असं.

कडक_भाकरी:

शेगड्यांचं म्हणणं मागं घेतो. मॅडम, मार्क कापू नका.

पण डिझेलचं बरोबर पटलं. आमचा मामा ट्रकवर आहे. विजापूरहून येताना भीमेचा पूल ओलांडायच्या आधी, धूळखेडच्या बाजूलाच टाकी भरायचा. तेव्हा कर्नाटकात लिटरमागं स्वस्त पडायचं म्हणतो. धूर सगळा आमच्या टाकळीला, आणि विक्री त्यांच्या वहीत. हे विद्यापीठात शिकवतात होय?

भूगोलाच्या बाई:

काय लिहू? आज पूर्ण तास यावर घेतला. काकांचं फावड्याचं गणित फळ्यावर मांडलं, तर मागच्या बाकावरची पोरंही वही काढून बसली. मग मीच विचारलं, आपल्या जिल्ह्याची रेघ काढायची का?

फताटेवाडीचं औष्णिक केंद्र सगळ्यांनी येता-जाता पाहिलेलं. ६६० मेगावॉटचे दोन संच, पहिला २०१७ ला, दुसरा २०१९ ला सुरू झाला. मिळून १,३२० मेगावॉट. चोवीस तास पूर्ण भारानं चाललं तर दिवसाला तीन कोटी सोळा-सतरा लाख युनिटं. युनिटला साडेसहाशे ग्रॅम कोळसा धरला, तर दिवसाला वीस हजार टनांच्या वर. मालगाडीच्या एका रेकमध्ये साधारण चार हजार टन, म्हणजे रोज पाच रेक. वर्षाला पंचाहत्तर लाख टन. २०११ च्या जनगणनेत जिल्हा ४३ लाखांचा. माणशी पावणेदोन टन!

लक्झेंबर्गवालं पोरगं उठून उभं. "म्हणजे मॅडम, मी दोन टन जाळले आणि आमच्याकडं परवा रात्री लाइट नव्हती?"

कडक_भाकरी:

पूर्ण भार वर्षभर कुठलंच केंद्र चालवत नाही हो मॅडम. पावसाळ्यात मागणी पडते, दुरुस्ती असते, आता दुपारी सौर वीज येते तेव्हा औष्णिकवाल्यांना भार उतरवायला लावतात. साठ टक्के धरा.

भूगोलाच्या बाई:

साठ टक्के धरून पुन्हा मांडलं. तरी माणशी एक टनाच्या वर, म्हणजे अख्ख्या देशाच्या सरासरीपेक्षा जास्त. वीज मात्र जाळ्यात जाऊन कुठल्या कुठल्या राज्यांत वाटली जाते. २०१७ च्या आधी आणि नंतर अशी जिल्ह्याची रेघ काढली तर लक्झेंबर्गचा कडा उलटा टांगल्यासारखी दिसेल. आता मुलं म्हणताहेत प्रकल्पाचं नावच बदलू, 'कोळसा कुणाच्या नावावर'. बदलू दे. बोर्डाच्या नमुन्यात बसत नाही, पण बघू.

काका, एक विनंती. गिरणीचा बॉयलर कुठं बघायला मिळेल का? आणि आपली रेघ कधी आणि कशी खाली आली तेही लिहा ना. गिरण्यांची.

आगवाला:

बाई, गिरण्यांची रेघ काढायला कुणी बसलंच नाही. पहिली गिरणी १८७७ ची, जिला सगळे जुनी गिरणी म्हणतात. रेल्वे १८६० ला आली म्हणून कोळसा आला, कोळसा आला म्हणून गिरणी. एकेकाळी भोंग्यावर गावाची घड्याळं लागायची. पहिला भोंगा वाजला की आई गोळे पेटवायची, दुसऱ्याला भाकरी डब्यात. पुढं बऱ्याच यंत्रांना विजेच्या मोटारी आल्या, कोळसा फक्त वाफेपुरता राहिला. मग गिरण्याच गेल्या.

एशच्या ताईंनी संकटविरोधी विभागाचं लिहिलं ते मी दोनदा वाचलं. बायकोलाही वाचून दाखवलं. ती म्हणाली, झाडं छाटायला तुम्ही एका पायावर तयार झाला असता.

आमचं असं झालं. नव्वदच्या दशकातली गोष्ट, साल जाऊ द्या. मी रात्रपाळी संपवून बाहेर येत होतो, तर गेटवर नोटीस आणि नोटिशीपुढं गर्दी. काम बंद. सकाळच्या पाळीला आत सोडत नव्हते. मी हातपाय धुऊन घराकडं निघालो आणि चौकापर्यंत गेल्यावर डोक्यात आलं, बॉयलर गरम आहे. माझ्या जागी यायचा तो गेटबाहेर उभा. आत आग चालू, पाण्याला बघणारा कुणी नाही. लँकेशायरच्या पोटात किती टन पाणी असतं आणि ते पातळी दाखवणाऱ्या काचेत दिसेनासं झालं तर काय होतं हे नोटीस चिकटवणाऱ्याला कुठं ठाऊक? परत गेलो. वॉचमन ओळखीचा, त्यानं सोडलं. जाळीवरची सगळी आग ओढून बाहेर काढली, पाणी मारून विझवली, पंप लावून काचेतलं पाणी अर्ध्यावर आणलं, धुराड्याकडची झडप, म्हणजे डँपर, लावला. असला बॉयलर एकदम गार करता येत नाही, विटांच्या बांधकामाला आणि पत्र्याला तडे जातात. दाब आपसूक उतरू द्यायचा. काट्याकडं बघत बसलो. दुपारपर्यंत बसलो. गिरणीत एरवी माग, पट्टे, माणसं यांचा एवढा आवाज असायचा की मला बॉयलरचा स्वतःचा आवाज कधी ऐकूच आला नव्हता. त्या दिवशी आला. गार होताना तो टकटक करतो, चुलीवरनं उतरवलेल्या तव्यासारखा.

त्या पाळीचा पगार अजून यायचाय. बाकीच्याचं तर सोडाच.

पुढं मी एमआयडीसीत टॉवेलच्या एका प्रोसेस हाउसला लागलो. तिथं आधी लाकूड जळायचं, आता पांढरा कोळसा. नाव कोळसा, पण कोळशाचा कण नाही. शेंगाची टरफलं, भुस्सा, उसाचं चिपाड दाबून केलेल्या कांड्या. पोत्यात येतात. सोलापूर शेंगाचटणी खातं आणि टरफलावर टॉवेल रंगवतं. तुमच्या आलेखात हे कुठंच दिसणार नाही बघा, कारण कोळशाच्या रकान्यात ते बसत नाही.

लँकेशायर काय आता दिसायचा नाही, सगळे भंगारात गेले. कुठल्या तरी विजेच्या भट्टीत वितळलेही असतील. पण आमच्या टॉवेलवाल्या जुन्या मालकाला मी विचारून ठेवलंय, तो पोरांना बॉयलर दाखवेल. छोटा उभा आहे, पण काच आहे, दाबाचा काटा आहे, आग दाराच्या फटीतनं बघता येते. माझ्याकडं सिंगरेणीच्या कोळशाचा एक खंगर आहे, मुठीएवढा. शेवटच्या दिवशी ओढलेल्या आगीतला. टीव्हीवर ठेवलाय, नातवंडं त्याला उल्का म्हणतात. तो आणतो. हातात घेऊ द्या सगळ्यांना, पण कडा धारदार आहेत, बोट कापतं.

रविवारी सकाळी दहा चालेल. दहापेक्षा जास्त पोरं एकदम नकोत, जागा अरुंद आहे. आणि पांढरे कपडे घालून येऊ नका म्हणावं.